कर्ता

हर्णैच्या बंदरावर संध्याकाळचा लिलाव उरकला
की बर्फाच्या कारखान्याच्या माडीवर माझा वर्ग बसतो.
खाली लाद्या फुटतात, वर खडू.
शेठनी खोली फुकट दिली आहे. पंखासुद्धा.

गजा तांडेल सगळ्यांत थोरला, पन्नाशी उलटलेला.
लॉगबुकाच्या वहीत त्याने लिहिलं:
एंटरिंग द क्रीक, द रॉक वॉज सीन.
मी म्हटलं, गजाभाऊ, खाडीत शिरलं कोण? खडक?
पोरं बाकं बडवून हसली.
तो म्हणाला, 'बाय, आम्ही असंच बोलतो.
खाडीत शिरताना खडक दिसला.
यात खडक हलला कुठे?'
खरं होतं.
मराठीत बघणारा नाळीवर गप्प बसून असतो,
आणि सगळ्यांना ठाऊक असतो.
इंग्रजी कस्टमवाल्यासारखी:
होडीत कोण कोण आहे, आधी नाव सांगा.
मग आम्ही एका 'वी'ला हाताला धरून पुढे बसवलं
तेव्हा कुठे खडक आपल्या जागी परत गेला.

मुश्ताकचं पत्र म्हणजे वलांडीवरचे बोंबील,
स्वल्पविरामाला लागून स्वल्पविराम, टोक सापडत नाही.
त्याला सांगितलं, ज्याला स्वतःचं इंजिन आहे
असं वाक्य दुसऱ्याला सुतळीने बांधू नकोस,
पहिल्याच लाटेला दोन्ही एकमेकांवर आपटतील.
जाड दोर घे, 'अँड' घे, 'सो' घे,
नाहीतर टिंब दे न् नांगर टाक.
पुढच्या खेपेला त्याने जिथे तिथे नांगर टाकला.
बिकॉज द इंजिन.
एवढंच. भर दर्यात, एकटं.
इंजिनाचं पुढे काय झालं
ते त्याने अजून लिहिलेलं नाही.

लतिका दोरकुळकर मागच्या बाकावर,
विमा कंपनीला द्यायचा अर्ज मांडीवर घेऊन.
द नेट वॉज कट. अ‍ॅट नाइट.
दुसरा तुकडा मी पहिल्याला जोडून दिला
आणि सवयीने विचारलं,
कट, बाय हूम?

खाली बर्फ फोडणं तेवढ्यात थांबलं.
कुणी कुणाकडे बघेना.
खिडकीतून शेठच्या बोटीवरचे दिवे दिसत होते,
मासळीला दिवस वाटावा इतके पांढरे.
'जाळं तुटलं, बाई,' ती म्हणाली.
तुटलं. तोडलं नाही.
दोन अक्षरं इकडची तिकडे,
आणि मधल्या फटीत अख्खा गाव
पिढ्यान्‌पिढ्या संसार करून राहतो.

एकोणतीस वर्षं, कर्ता नसला की
मी अर्धा मार्क कापत आले.
पण हे वाक्य व्याकरणाने बरोबर होतं.
'कर्मणी प्रयोग चालतो,' मी म्हणाले
आणि समासात बरोबरची खूण केली.
डोक्यावर पंखा फिरत होता.

मंगळवारी ती नवा कागद घेऊन आली.
पहिला शब्द, आय.
आय सॉ द बोट.
मग वेळ. मग किती वाव पाणी. मग बोटीचं नाव.
आखूड वाक्यं. प्रत्येकात कोणीतरी काहीतरी करत होतं,
आणि शेवटी टिंब, कागद फाटेल इतकं दाबून दिलेलं.
'चुका बघा, बाई.'
दोनदा वाचलं.
तिसऱ्यांदा वाचलं ते काहीतरी सापडावं म्हणून.
बोटीच्या नावात एक अक्षर राहिलं होतं.

माझं लाल पेन पर्समध्येच होतं,
तरी मी टेबलावर शोधत राहिले.
गजा तांडेलने खिशातलं काढून पुढे केलं,
निळं, टोपण नसलेलं.
'घाला, बाय,' म्हणाला,
'वाचता येईल असं.'